आमच्या ब्लॉकचा इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या वस्तीच्या इतिहासावर मी काही लिहावे, असे संपादक-समितीने ठरविले. शिवाजी पार्कचा इतिहास म्हटला की सभा, मोर्चे, क्रिकेट आणि थोर पुरुषांची घरे आपोआप पुढे येतात, आणि ती यावयासच हवीत. परंतु त्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला वाटले की मैदानामागच्या गल्लीतील एखादे साधे घर घ्यावे आणि त्याच्या भिंती, फरशी आणि कागदपत्रे यांवरून हा इतिहास वाचावा. दुसऱ्याचे घर कशाला, म्हणून आमचाच ब्लॉक घेतला. दिवाणखाना, निजायची एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि एक अरुंद गॅलरी, एवढाच त्याचा संसार. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्याची आमूलाग्र दुरुस्ती केली. त्या वेळी माळ्यावरची ट्रंक खाली उतरवावी लागली आणि तिच्यातून भाडेपावत्यांची एक जाड चवड निघाली. ती चाळता चाळता एक प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला. घर चालविते बाई, पण घराच्या कागदावर नाव कोणाचे?

आधी वस्तीविषयी सांगते. आज जेथे आपण राहतो तेथे शंभर वर्षांपूर्वी माहीमच्या नारळाच्या वाड्या, भातखाचरे आणि पाणथळ जमीन होती. जवळचे पोर्तुगीज चर्च तेवढे फार जुने, त्याची स्थापना १५९६ सालची. (आजची इमारत मात्र चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणे १९७० नंतरच्या दशकात उभी राहिली.) आपण रोज भाजीला जाताना ज्याला नुसते "एल. जे. रोड" म्हणतो, तो लेडी जमशेटजी रोड होय. या लेडी जमशेटजी म्हणजे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई. त्या काळी माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, आणि पावसाळ्यात होडीने ती ओलांडताना माणसे बुडत. सरकारने पैसा देण्याचे मनावर घेतले नाही, तेव्हा अवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये स्वतः दिले आणि १८४५ साली खाडीवरचा बांधरस्ता खुला झाला. जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घेऊ नये, अशी त्यांची अट होती. एका स्त्रीच्या देणगीने मुंबई बेट साष्टीला जोडले गेले, आणि आपण मात्र तिचे नाव दोन इंग्रजी अक्षरांत गुंडाळून टाकले आहे.

मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकण्याचे मोठे कारण म्हणजे प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी त्याचे निदान केले. गिरगाव, मांडवी, काळबादेवी येथील कोंदट चाळींत रोग पसरला आणि लोक गाव सोडून पळू लागले. त्यानंतर १८९८ साली सुधारणा मंडळ, म्हणजे "इंप्रूव्हमेंट ट्रस्ट", कायद्याने स्थापन झाले. दादर, माटुंगा, शीव या बाजूला रुंद रस्ते आखून हवेशीर वस्त्या वसवाव्यात, अशी त्याची योजना होती. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्याचीच अपत्ये. रेल्वेच्या पश्चिमेकडील आपला भाग पुढे महानगरपालिकेने आखून विकसित केला.

आपले मैदान १९२५ साली आखले गेले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क असे होते. १९२७ मध्ये शिवछत्रपतींच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली. (त्या काळी जन्मवर्ष १६२७ धरीत, आज आपण १६३० धरतो.) त्या वर्षी मैदानाला शिवाजी पार्क हे नाव मिळाले, आणि ते मिळावे म्हणून महापालिकेत आग्रह धरणारी व्यक्ती होती नगरसेविका अवंतिकाबाई गोखले. अवंतिकाबाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते, चंपारण्यात गांधीजींबरोबर काम केले होते, १९१८ साली हिंद महिला समाज स्थापिला होता, आणि गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले होते, ज्याला लोकमान्यांची प्रस्तावना आहे. पुढे सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवासही सोसला. मैदानावर रोज हजारो माणसे फिरतात, पण त्याला नाव देणाऱ्या बाईंचे नाव विचारले तर किती जण सांगतील? आपल्या मंडळातील मुलींना तरी ते ठाऊक असावे, म्हणून येथे मुद्दाम नोंदविते.

मैदानाच्या भोवती आणि मागच्या गल्ल्यांतून इमारती उठल्या त्या मुख्यतः १९३० ते १९४५ या काळात. तळमजला आणि वर दोन-तीन मजले, गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, जिन्याला उभ्या जाळीची खिडकी, आणि दर्शनी भिंतीवर आडव्या रेघा, अशी ही धाटणी. तिला आर्ट डेको म्हणतात. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या अशा इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांची धाकटी भावंडे असलेल्या आपल्या इमारती त्या यादीत नाहीत. आपल्या गल्लीचे वर्णन कोणी लिहून ठेवावयाचे असेल तर ते आपणच लिहिले पाहिजे.

आमची इमारत १९३८ सालची. मामंजी त्या वेळी गिरगावात चाळीच्या दोन खोल्यांत राहत. जुनी माणसे सांगत, की युद्धापूर्वी दादरला घरांवर "जागा भाड्याने देणे आहे" अशा पाट्या लटकत आणि मालकच बिऱ्हाडकरू शोधीत. ज्याला आज आपण फ्लॅट म्हणतो, त्याला तेव्हा ब्लॉक म्हणत. चाळ आणि ब्लॉक यांतील फरक आजच्या मुलींना कळणार नाही. चाळीत नळ आणि संडास सामाईक असत, आणि लांबलचक गॅलरीवर साऱ्यांची दारे उघडत. ब्लॉकमध्ये या सोयी आपापल्या दाराच्या आत आल्या. पहाटे नळावर बादली घेऊन रांगेत उभे राहणे संपले, हे सासूबाई अगदी म्हातारपणीही मोठ्या भाग्याने सांगत. घरात नळ येणे ही बाईच्या दृष्टीने केवढी क्रांती होती, हे ज्यांनी हंडे उचलले त्यांनाच कळे. पण त्याबरोबर नळावरच्या गप्पाही संपल्या. ब्लॉकच्या बंद दारांमुळे जे तुटले ते जोडण्यासाठीच आपल्यासारखी महिला मंडळे निघाली, असे मला वाटते.

आता "एका बेडरूमचे घर" म्हणजे काय, ते ऐका. मी १९७४ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा आम्ही आठ माणसे होतो. निजायची खोली एक, आणि तिचा मान नव्या जोडप्याचा. थोरल्या दिरांचे लग्न झाले तेव्हा ती त्यांची होती. त्यांना जागा मिळून ते डोंबिवलीला गेले तेव्हा ती आमची झाली. परीक्षेचे दिवस आले की रात्री दहापर्यंत ती अभ्यासाची, बाळंतपण आले की सव्वा महिना ती बाळंतिणीची, आणि कोणी आजारी पडले की दवाखान्याची. पुरुष दिवाणखान्यात पथाऱ्या टाकीत, मुले गॅलरीत. सासूबाई मात्र कायम स्वयंपाकघरात निजत. सर्वांच्या नंतर निजावयाचे आणि सर्वांच्या आधी उठावयाचे, म्हणून तीच जागा सोयीची, असे त्या म्हणत. मामंजी गेल्यावरही त्यांनी खोली मागितली नाही. ज्या बाईच्या हातावर घर चालले, तिची त्या घरात वळकटीपुरतीच जागा होती. हे केवळ आमच्याच घरी होते असे नाही. या वस्तीतील बहुतेक एका खोलीच्या ब्लॉकांची हीच रीत होती.

स्वयंपाकघराची तर बखरच लिहावी लागेल. प्रथम कोळशाची शेगडी आणि खाली बसून स्वयंपाक. मग पंप मारावयाचा स्टो आणि वातीचा स्टो, आणि त्यांच्यापाठोपाठ रॉकेलची रांग. मुंबईत १९५५ च्या सुमारास बर्शेनचा गॅस सिलिंडरमधून मिळू लागला, पण तो आमच्यासारख्यांच्या घरी पोचावयास पुढे बरीच वर्षे गेली. गॅस आला तेव्हा भिंतीलगत कडप्प्याचा ओटा आला आणि बाई उभी राहून स्वयंपाक करू लागली. आज गॅस नळातून येतो. बसलेली बाई उभी राहिली ही गोष्ट लहान वाटते, पण सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारले असते तर त्यांनी ती मोठी म्हणून सांगितली असती.

या साऱ्या घडामोडी चालू असताना त्या ट्रंकेतल्या भाडेपावत्या दरमहा येतच होत्या. त्यांच्यामागचा कायदा समजून घेतल्याशिवाय या वस्तीचा इतिहास कळत नाही. युद्धानंतर मुंबईत माणसे वाढली आणि जागा दुर्मिळ झाली. तेव्हा १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या सप्टेंबरातील पातळीवर बांधून ठेविली. त्यामुळे भाडेकरूला आधार मिळाला. पण दुसऱ्या बाजूने मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि नव्या बिऱ्हाडकरूकडून रोख रक्कम घेण्याची पागडीची चाल बोकाळली. (पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या कायद्याने.) भाडे दोन आकडी आणि पागडी पाच आकडी, असा हा उलटा व्यवहार. समुद्राचा खारा वारा स्लॅबमधील लोखंड खात होता आणि डागडुजीला पैसा नव्हता. शेवटी मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. १९४० च्या सप्टेंबरापूर्वीच्या इमारती त्यात "अ" वर्गात आल्या, आणि आमचीही त्यांतलीच एक.

त्याच कायद्यात एक कलम होते, त्याने आमचे घर वाचविले. भाडेकरू मरण पावला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळे. त्यात मुलगाच हवा, असे कोठेही म्हटलेले नव्हते. १९७१ मध्ये मामंजी वारले. तेराव्यानंतर मालकांचे मेहताजी आले आणि रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाच्या नावाने पावती करू म्हणाले. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, आयुष्यात कधी मोठ्याने बोललेल्या नव्हत्या. त्या दाराआडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मेहताजी, पावती माझ्या नावाने करा. मुले माझीच आहेत, ती कोठे जात नाहीत. पण उद्याचे कोणी पाहिले आहे?" मेहताजींनी दोन महिने पावती अडवून ठेविली. सासूबाईंनी भाडे मनीऑर्डरने पाठविले, आणि मनीऑर्डरच्या पोचपावत्या डब्यात जपून ठेविल्या. तिसऱ्या महिन्यापासून पावतीवर त्यांचे नाव आले. माझ्या हाती लागलेल्या त्या चवडीत हा बदल स्पष्ट दिसतो. बत्तीस वर्षे एक नाव, आणि मग दुसरे.

याच जिन्यावरच्या दुसऱ्या एका घराची हकीकत मी नाव न घेता सांगते. तेथेही असाच प्रसंग आला. पावती कर्त्या दिराच्या नावाने झाली आणि सर्वांना ते योग्यच वाटले. पुढे त्याने जागा दिली आणि पागडीचे पैसे घेतले. ज्या बाईने त्या घरात पंचवीस वर्षे चूल सांभाळली, ती बहिणीकडे राहावयास गेली ती कायमचीच. दोन्ही बायका सारख्याच कष्टाळू होत्या आणि त्यांचे ब्लॉकही सारख्याच मापाचे होते. फरक होता तो कागदाच्या एका चिठोऱ्याचा.

१९८७ साली आम्हा भाडेकरूंनी मालकांकडून इमारत विकत घेतली आणि सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविली. सहकारी घरांची कल्पना मुंबईला नवी नव्हती. गावदेवी येथे सारस्वत मंडळींची पहिली सहकारी गृहसंस्था १९१५ सालीच निघाली होती, आणि तिच्यामागे सहकारमहर्षी श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे परिश्रम होते. पुढे १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा आला आणि "ओनरशिप" हा शब्द घरोघरी झाला. १९७० मध्ये अपार्टमेंटचा वेगळा कायदा आला. या दोहोंतील भेद पुष्कळ भगिनी विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेची, आपण भागधारक सभासद, आणि त्या भागांबरोबर सदनिका वापरण्याचा हक्क. अपार्टमेंटमध्ये सदनिका प्रत्येकाच्या स्वतःच्या मालकीची, आणि जिना, गच्ची, जमीन यांत ठरलेला अविभक्त हिस्सा. आमची सोसायटी. प्रत्येकी पन्नास रुपयांचे पाच भाग, असे अडीचशे रुपयांचे एक भागपत्र मिळाले. पावती सासूबाईंच्या नावाने होती, त्यामुळे भागपत्रही त्यांच्याच नावाने झाले. ते हातात घेऊन त्यांनी देवापुढे ठेविले, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरातील वळकटी निजायच्या खोलीत हलली. हे मात्र कोणी त्यांना सांगितले नव्हते. २००३ साली त्या गेल्या तेव्हा मृत्युपत्रात त्यांनी घर आमच्या ह्यांच्या आणि माझ्या, अशा दोघांच्या नावाने लिहून ठेविले होते.

दुरुस्तीच्या वेळी आम्ही न्हाणीघर आणि ओटा नव्याने केले, विजेच्या तारा बदलल्या, गळके नळ काढून टाकले. वरची पॉलिश केलेली फरशी उखडली तेव्हा खाली १९३८ ची मूळ सिमेंटची रंगीत फरशी निघाली, लाल चौकट आणि मध्ये हिरवी-पिवळी वेल. कारागीर म्हणाला, काढून टाकू. मी म्हटले, नाही, घासून ठेवा. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधील भिंत पाडून मोठा हॉल करावा, असा सल्ला अनेकांनी दिला. आम्ही आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखविले, आणि ती भिंत वरचा भार घेते असे त्यांनी सांगितले. म्हणून ती राहू दिली आणि तिच्यात फक्त एक लहान खिडकी केली, तीही त्यांनी आखून दिलेल्या मापाची. भगिनींनो, जुन्या इमारतीत आपल्या हौसेची एक भिंत पाडली तर वरच्या तीन घरांचा जीव टांगणीला लागतो. तीस वर्षांवरील इमारतींची रचना-तपासणी कायद्याने आवश्यक आहे, ती टाळू नये.

आज गल्लीत शिरले की एकीकडे हिरवे जाळे पांघरलेली पाडकामाची इमारत दिसते, तर दुसरीकडे वीस-वीस मजल्यांचा मनोरा. मैदान मात्र तेच आहे. सुमारे अठ्ठावीस एकरांचे, आणि भोवती सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचा कट्टा, ज्यावर संध्याकाळी आजोबांपासून नातवांपर्यंत सारे बसतात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा येथे झाल्या, आणि १ मे चे संचलन येथेच होते. मैदानाच्या कडेच्या रस्त्याला गुरुवर्य केळुसकरांचे नाव आहे. त्यांनी शिवरायांचे चरित्र लिहिले आणि बुद्धचरित्रही, आणि तरुण भीमरावांच्या हाती ते बुद्धचरित्र दिले. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ते येथून हाकेच्या अंतरावर, दादरच्या समुद्रकिनारी, जेथे आज चैत्यभूमी आहे. दर ६ डिसेंबरला गावोगावहून लाखो माणसे येतात, त्यांत कडेवर मूल घेऊन आलेल्या स्त्रिया किती असतात! ते आपल्या वस्तीचे पाहुणे होत. त्या दिवशी आपल्या दारांतून पाणी, औषध आणि बायकांसाठी न्हाणीघराची सोय मिळावी. काही इमारती हे करतात, सर्वांनी करावे.

आता आमच्याही इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. दुरुस्त केलेला ब्लॉक आणि ती वेलीची फरशी किती वर्षे राहील, ते सांगता येत नाही. त्याचे वाईट वाटते, पण जिना चढवत नाही अशा वृद्धांना लिफ्ट हवी, आणि गंजलेले लोखंड कायम टिकत नाही, हेही खरे. इमारती जातात आणि नव्या येतात, त्याला इलाज नाही. मात्र कागद बदलण्याच्या या वेळी बाईचे नाव गळू नये, एवढे आपल्या हाती आहे.

म्हणून काही व्यावहारिक गोष्टी सांगते. नव्या जागेच्या करारावर पती-पत्नी दोघांची नावे व सह्या आहेत ना, ते पाहावे. ज्या अजून पागडीत आहेत त्यांनी पावतीवरचे नाव तपासावे. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. २०१९ च्या सुधारणेप्रमाणे सभासदाच्या पश्चात नामनिर्देशित व्यक्ती तात्पुरती सभासद होते आणि वारसांचे हक्क तसेच राहतात. तेव्हा मृत्युपत्र करण्यास लाजू नये आणि ते अशुभही मानू नये. मुलींनाही विसरू नये. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये त्यांना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. नवे घर स्त्रीच्या नावाने घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, आणि ते घर पंधरा वर्षे पुरुषाला विकू नये ही जुनी अट २०२३ मध्ये निघाली आहे. तपशिलासाठी मात्र वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

अवाबाईंनी रस्ता दिला आणि अवंतिकाबाईंनी मैदानाला नाव दिले. आमच्या सासूबाईंनी फक्त एक पावती मागितली. इतिहासात पहिल्या दोघींची नोंद आहे, तिसरीची मी आज केली. आपापल्या घरातील अशा सासवा, आया आणि आज्या यांच्या हकीकती प्रत्येकीने लिहून मंडळाच्या कपाटात ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्धापनदिनी या वस्तीचा खरा इतिहास आपणांपाशी असेल, एवढी विनंती करून लेखणी खाली ठेविते.